दात्यांचे गणित : वेग हवा की ओढ?

#थ्रेड

रेसिंग सिम्युलेटरमध्ये गिअर जुळवणारा खेळाडू पडद्यावरची एक पट्टी डावीउजवीकडे सरकवतो. ‘फायनल ड्राइव्ह’चा आकडा वाढवला की गाडी वळणातून जोमाने बाहेर झेपावते, मात्र लांब सरळ रस्त्यावर तिचा वेग लवकर खुंटतो. आकडा घटवला की नेमके उलट. इंजिनाची ताकद तेवढीच राहते. ती कशावर खर्चायची, इतकेच ठरते.

महाराष्ट्रातील रेल्वेला हा निर्णय पट्टी सरकवून घेता येत नव्हता. तो पोलादी दात्यांत कोरावा लागे.

१९२९ मध्ये कल्याण–पुणे मार्गावर वीज आली. बोरघाटाचा चढ ३७ फुटांस एक फूट, म्हणजे रेल्वेच्या मानाने भयंकरच. जीआयपी रेल्वेने एकाच १५०० व्होल्ट प्रवाहावर चालणारी दोन स्वभावांची इंजिने घेतली. प्रवासी इंजिनाची वेगमर्यादा ताशी ८५ मैल, मालवाहू इंजिनाची अवघी ५०. दोन्हींची घडणच वेगळी होती, पण कामाची वाटणी स्पष्ट होती : एकाने धावावे, दुसऱ्याने ओढावे. जगभर ‘क्रोकोडाइल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातील या मालवाहू इंजिनाला इथल्या माणसांनी नाव दिले ‘खेकडा’. (मगरीपेक्षा हेच अधिक शोभते.)

निव्वळ दात्यांचा खेळ पाहायचा तर मराठवाड्यात यावे. परभणीवरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मीटरगेज म्हणून सुरू झाला आणि पुढे ब्रॉडगेज झाला. त्यानंतरही दीर्घकाळ येथे डिझेलचेच राज्य होते. त्या काळातील भारतीय रेल्वेची दोन इंजिने शेजारी ठेवू : डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए. दोघांच्या पोटात १६ सिलिंडरचे, ३१०० अश्वशक्तीचे तेच यंत्र. मोटरच्या टोकावरील लहान चक्राला दोन्हीकडे १८ दाते. चाकाच्या आसावरील मोठ्या चक्राला मात्र पहिल्यात ६५, दुसऱ्यात ७४.

फरक नऊ दात्यांचा. गुणोत्तर ३.६१ वरून ४.११ वर जाते, आणि कमाल वेग ताशी १२० किलोमीटरवरून १०० च्या घरात उतरतो. बदल्यात ओढ वाढते. ती सगळी दात्यांची कमाई नव्हे. मालवाहू इंजिनाची बोगीही रुळाला अधिक घट्ट धरणारी होती.

चूक येथे महागात पडते. वेगाच्या गिअरचे इंजिन अवजड मालगाडीला जुंपून चढावर पाठवले, तर वेग घसरतो, मोटर संथ फिरते, तिच्यातून प्रचंड प्रवाह वाहतो आणि तारांचे वेष्टन तापून जळू शकते. उलट ओढीच्या गिअरचे इंजिन मर्यादेपलीकडे पळवले, तर मोटरचा फिरता गाभा इतक्या वेगाने गरगरतो की त्याची गुंडाळी बाहेर फेकली जाण्याचा धोका उद्भवतो. कमाल वेगाचा आकडा गाडी किती धावू शकते एवढेच सांगत नाही. मोटर किती गरगरणे सोसेल, हेही त्यात दडलेले असते.

विजेच्या युगातही युक्ती तीच राहिली. डब्ल्यूएजी-९ हे मालवाहू इंजिन; त्याचे गुणोत्तर ७२:२० असे हलके करून डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी इंजिन सिद्ध झाले. त्याचा आराखड्यातील वेग ताशी १४० किलोमीटर.

‘खेकडा’ मात्र आता मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभा आहे.