काष्ठकण फलक

काष्ठकण फलक : लाकडाच्या पातळ ढलप्यांना किंवा कणांना कृत्रिम रेझीन लावून व त्यांचा थर तप्त पट्टांमध्ये दाबून तयार केलेला तक्ता. व्यवहारात तो पार्टिकल बोर्ड या नावाने ओळखला जातो. वाया जाणारे लाकूड उपयोगात आणणे हा त्याच्या निर्मितीमागील मुख्य हेतू होय. तथापि पाण्याने फुगणे हा त्याचा जुना दोष असून त्याचे मूळ दाबण्याच्या क्रियेतच आहे.

यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनाची उपलब्धता व दुसऱ्या महायुद्धातील लाकडाची टंचाई यांमुळे या उद्योगास चालना मिळाली. जर्मनीतील ब्रेमेन येथे १९४१ मध्ये निघालेला कारखाना हा पहिला मानला जातो. त्याच दशकात फ्रेड फार्नी या स्विस अभियंत्यांनी बाहेर बारीक व मध्ये भरड ढलप्या असलेला तीन थरांचा फलक विकसित केला.

लाकडाच्या कोशिकाभित्तींची घनता सु. १·५ ग्रॅ./घ. सेंमी. असते, परंतु कोशिकांतील पोकळ्यांमुळे बहुतेक लाकडांची घनता याहून पुष्कळच कमी भरते. दाबाखाली या पोकळ्या चेपतात, ढलप्या एकमेकींस भिडतात व रेझिनाचे सांधे पक्के होतात. म्हणून फलकाची घनता बहुधा मूळ लाकडापेक्षा अधिक ठेवावी लागते. फलक भिजल्यावर कोशिकाभित्ती पाणी शोषून फुगतात. शिवाय चेपलेल्या कोशिका मऊ पडून पूर्वस्थितीकडे उसळतात. पहिले फुगणे वाळल्यावर ओसरते. दुसरे मात्र कायम राहते, सांधे उकलतात व फलकाचे बल घटते.

अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत ॲल्फ्रेड स्टॅम व त्यांचे सहकारी यांनी १९४०–५० या दशकात अखंड लाकडावर प्रयोग केले. उष्णता व ओलावा योग्य प्रमाणात असताना दाबल्यास लिग्निन मऊ होऊन अंतर्गत ताण निवळतात व लाकूड पुढे फारसे उसळत नाही, असे त्यांना आढळले. फलकांच्या उत्पादनात इतका वेळ व इतकी उष्णता देणे खर्चाचे ठरते. त्यामुळे पॅराफीन मेण मिसळतात. ते पाण्याचा शिरकाव लांबविते, पण थांबवीत नाही. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडाचे सांधे ओलाव्यात अधिक टिकतात.

आर्मिन एल्मेन्डॉर्फ यांना १९६५ मध्ये लांबट ढलप्या ठराविक दिशेने रचलेल्या फलकाचे अमेरिकन एकस्व मिळाले. या रचनेने त्या दिशेतील बल व ताठपणा वाढला. जाडीतील फुगणे मात्र शिल्लक राहिले. फलकाच्या कापलेल्या कडांतून पाणी सहज शिरते, म्हणून दमट जागी त्या लेप वा पट्टी लावून झाकणे आवश्यक असते.