पॉइंटचे कूळ आणि मूळ

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीच्या इंजिनाशेजारी जे काळ्या टोपीचे भांडे असते आणि जे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटून देते, त्याला मराठी गॅरेजांत डेल्को म्हणतात. ही टोपी आणि तिच्याखालचा रोटर काढला की आत टंगस्टनच्या दोन टिकल्या समोरासमोर दिसतात. त्यांतली एक जागेवर पक्की असते, तर दुसरी स्प्रिंगच्या जोरावर तिला टेकते आणि मधला फिरता, चार उंचवट्यांचा कॅम ढकलील तेव्हा क्षणभर दूर सरते. याच जोडीला पॉइंट किंवा सीबी पॉइंट हे नाव आहे. प्रवाह जोडणे हे तिचे अर्धेच काम असून खरे काम तो नेमक्या क्षणी तोडण्याचे आहे. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे एकाच लोखंडी गाभ्यावर असतात. जाड वेढ्यांतून बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह वाहत असताना तो एकाएकी तुटला, तर गाभ्यातील चुंबकत्व कोसळते आणि बारीक वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या फटीतून ठिणगी उडते.

या जोडीचे कूळ मोटारीपेक्षा जुने आहे. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम दाखवला आणि आयर्लंडमधील मेनूथ येथे निकोलस कॅलन या धर्मगुरूने १८३६ मध्ये पहिली प्रवर्तन कॉइल बांधली. अशा कॉइलला प्रवाह सारखा जोडणारा आणि तोडणारा हात हवा होता, आणि त्यासाठी प्रयोगशाळांत थरथरणारी लोखंडी पट्टी वापरात आली. पॉइंटचा पूर्वज तो हाच. पॅरिसच्या रुमकॉर्फने कॉइल नामांकित केली, तर १८५३ मध्ये इपोलित फिझो याने तोडणाऱ्या टिकल्यांना समांतर कंडेन्सर जोडला. टिकल्या विलग होताना प्रवाह हवेतूनही वाहत राहू पाहतो आणि त्यांच्यामध्ये ज्वाळ पेटते; कंडेन्सर हा प्रवाह क्षणभर स्वतःत साठवतो, त्यामुळे टिकल्या लवकर जळत नाहीत आणि तोड झटक्यात होते. डेल्कोच्या अंगावर आज जी बोटाएवढी धातूची नळी दिसते ती फिझोचीच देणगी होय. जिच्याविना पॉइंट काही तासांत निकामी होतील, ती युक्ती मोटार जन्मण्याच्या तीन दशके आधी सिद्ध झाली होती, ही गोष्ट मोटारीच्या इतिहासांत क्वचितच सांगितली जाते.

एतियेन लन्वार याच्या १८६० च्या गॅस इंजिनात रुमकॉर्फची कॉइल ठिणगी देत होती आणि १८८६ च्या बेंझच्या तीनचाकीतही थरथरत्या पट्टीचीच कॉइल होती. तिच्यातून एक ठिणगी न पडता ठिणग्यांचा झोत पडे. सावकाश चालणाऱ्या इंजिनाला तो पुरेसा होता, परंतु वेग वाढला की त्यातील कोणती ठिणगी इंधन पेटवील हे ठरवता येत नसे. पट्टीला स्वतःच्या लयीत थरथरू न देता तोडण्याचा क्षण इंजिनानेच कॅमकरवी ठरवावा, हा बदल १८९५ च्या सुमारास द दियों-बुतों या फ्रेंच कंपनीच्या वेगवान इंजिनांत रूढ झाला आणि थरथरणाऱ्या पट्टीचे खऱ्या अर्थाने पॉइंट झाले. बॉशच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्चदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. चुंबक आणि वेढे एकमेकांसापेक्ष फिरवून आपली वीज आपणच निर्माण करणाऱ्या या यंत्राला बॅटरी लागत नसे, पॉइंट मात्र त्यातही होते. अमेरिकेत डेटन येथे चार्ल्स केटरिंग याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची एका वेळी एकच जोरकस ठिणगी देणारी जुळणी केली आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत ती बसली. त्याच्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप म्हणजे डेल्को. दोनच वर्षांनी केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि मोटारीत बॅटरी असणे अटळ झाले. मग महागडा मॅग्नेटो बाळगण्याचे प्रयोजन उरले नाही.

महाराष्ट्रात ही परंपरा रुजली ती प्रामुख्याने कुर्ल्याला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तेथील कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली. चार सिलिंडरांच्या या १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची ठिणगी १-३-४-२ या क्रमाने फिरते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोन टिकल्यांवर केवढा भार असतो याची कल्पना येते. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे फियाट असे समीकरण झाल्याने पॉइंट घासण्याची विद्या शहरभर पसरली, आणि गणपतीला किंवा मसुऱ्याच्या आंगणेवाडीतील भराडीदेवीच्या जत्रेला निघालेल्या चाकरमान्याच्या गाडीबरोबर तीच विद्या कशेडी आणि परशुराम घाट ओलांडून मालवण तालुक्यापर्यंत पोचली. मॅग्नेटोची शाखाही येथे वेगळ्या वाटेने आलीच, कारण १९७२ मध्ये अवतरलेल्या लुना आणि बजाज चेतक या दोन्ही दुचाक्यांत फिरत्या चाकाखाली पॉइंटच होते.

पॉइंटची झीज दोन ठिकाणी होते आणि या दोन्हींत गल्लत केली की निदान चुकते. टिकल्यांची तोंडे जळतात, एकीवर खळगा तर दुसरीवर उंचवटा येतो. हा दोष डोळ्यांना दिसतो आणि पॉलिश पेपरने तात्पुरता निवारता येतो. कॅमवर घासणारी फायबरची टाच मात्र नकळत झिजते. ती झिजली की टिकल्यांमधली फट, जी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी राखायची असते, ती आणखी कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. गाडीचा पिकअप जातो, घाटात इंजिन तापते, पेट्रोल जास्त लागते. म्हणून फिलर गेजची पाती फटीत घालून गॅप लावणे आणि त्यानंतरच टायमिंग पाहणे हा क्रम जुने मिस्त्री कटाक्षाने पाळत, आणि तो योग्यच होता, कारण गॅप हलला की टायमिंग हलतेच.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनने या कुळाचा उच्छेद केला असे समजले जाते, परंतु तिने कॉइल, प्लग आणि चुंबकत्व कोसळवण्याचे तत्त्व जसेच्या तसे ठेवून फक्त तोडणारा हात बदलला. १९४७ मध्ये जन्मलेल्या ट्रान्झिस्टरने आरंभी पॉइंटला केवळ आधार दिला: टिकल्यांतून नाममात्र प्रवाह जाई आणि मोठा प्रवाह ट्रान्झिस्टर तोडी, त्यामुळे जळणे थांबले तरी टाचेची झीज राहिली. पुढे कॅमच्या जागी दातेरी चाक आणि त्याच्याशेजारी चुंबकीय पिकअप, किंवा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा बदल ओळखणारा अर्धवाहकाचा तुकडा, आला आणि घासणारे काहीच उरले नाही. १९६३ च्या पाँटियाक गाड्यांत अशी पॉइंटविरहित व्यवस्था वैकल्पिक होती, आणि १९७३ पासून क्रायस्लरने ती अमेरिकेतील आपल्या सर्व मोटारींना सरसकट दिली. या दशकभराच्या दिरंगाईचे कारण उघड आहे. पॉइंट स्वस्त होते, दुरुस्त होत होते, आणि गिऱ्हाईक त्यांच्याबद्दल तक्रार करत नव्हते. त्यांना घालवले ते धुराच्या कायद्याने. १९७० च्या अमेरिकी कायद्यानंतर गाडीने ५०,००० मैलांपर्यंत धुराची मर्यादा पाळावी अशी अट आली, आणि काही हजार मैलांत फट बदलणाऱ्या टाचेला ती पाळणे अशक्य होते. शिवाय मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरातील न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते आणि त्याचा नाश करते. भारतातही १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आला, २००० मध्ये उत्सर्जनाचे निकष कडक झाले, आणि पॉइंटचे दिवस भरले.

कोकणाच्या हवेत या दोन पद्धतींची तुलना शहरापेक्षा निराळी ठरते. गड नदीच्या काठच्या मसुऱ्यात पावसाळ्याचे चार महिने ओल आणि खाडीवरची खारी हवा असते, टिकल्यांवर गंजासारखा थर चढतो, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तरी ठिणगी क्षीण होते; बंद सेन्सरला हा उपद्रव नाही, एवढ्यापुरती इलेक्ट्रॉनिक पद्धत निर्विवाद सरस आहे. परंतु पावसात जुनी गाडी बंद पडते ती बहुधा पॉइंटमुळे नव्हे, तर डेल्कोच्या टोपीत किंवा हाय टेन्शन वायरवर ओल धरून दाब वाटेतच झिरपल्यामुळे, आणि टोपी व वायर तशाच ठेवून आतली जोडी बदलली तर हा दोष कायम राहतो. बिघाडाची रीतही वेगळी आहे. पॉइंट हळूहळू बिघडतात, आवाजातून सूचना देतात आणि रस्त्यावर सुरळीत करता येतात. इलेक्ट्रॉनिक पद्धतीतील तोडणारे मॉड्यूल मात्र जाते तेव्हा एकाएकी जाते आणि ते उलगडून दुरुस्त होत नाही. हे मॉड्यूल वायरी उलट जोडल्यानेही जळते, विशेषतः बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्याला जोडलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत. नित्य वापराच्या जुन्या गाडीत डेल्कोच्या आत मावणारे इलेक्ट्रॉनिक युनिट बसवावे, आणि काढलेली पॉइंटची जोडी कंडेन्सरसह डिकीत बाळगावी, हाच मार्ग या भूमीत शहाणपणाचा दिसतो.

प्रदर्शनाच्या गाडीची गोष्ट वेगळी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली आणि वाहन मूळ रूपात जपलेले असावे अशी अट घातली. टोपीखालची ही लहानशी जोडी बाहेरून दिसत नसली, तरी १९६० च्या दशकातील फियाट तिच्या काळात कशी पेटत होती हे सांगणारा तोच भाग आहे, आणि अशा गाडीत तो चालू स्थितीत राखणे हे रंग व क्रोम राखण्याइतकेच आवश्यक आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली असल्याने ही विद्या रोजच्या कामातून शिकण्याची सोय आता उरलेली नाही. जुन्या मिस्त्रींकडून गॅप लावण्याचे, टाच पारखण्याचे आणि कंडेन्सर तपासण्याचे ज्ञान लिहून घेण्याचे काम वाहनसंग्राहकांच्या मंडळांनी अंगावर घ्यावे लागेल.