आरशाआडचा क्षण

हौशी छायाचित्रकाराला दिसते एक आणि फिल्मवर उमटते भलतेच, हे दुखणे जुने. मोठ्या कॅमेऱ्यांत त्यावर आरशाचा उतारा होताच. १९३६ साली ड्रेस्डेनच्या ‘किने एक्झाक्टा’ने तो ३५ मिलिमीटर फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यात आणला. ज्या भिंगातून चित्र टिपायचे, त्यातूनच पाहायचे. मात्र डाव्याचे उजवे दिसे. ते १९४९ च्या ‘कॉन्टॅक्स एस’मधील लोलकाने सरळ केले. तरी कळ दाबली की आरसा वर जाई आणि फिल्म पुढे सरकवेपर्यंत अंधार. १९५४ च्या जपानी ‘असाहीफ्लेक्स’मध्ये आरसा क्षणात परतू लागला.

पण तो एक क्षण अंधाराचाच राहिला. माझ्या जुन्या कॅमेऱ्याने आईचे शेवटचे हसू टिपले. मी ते पाहिले फिल्म धुऊन आल्यावर. तेव्हा आई नव्हती.