अडविणाऱ्याची विद्या



२६ जुलै १९६६ ह्या दिवशी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर विश्वचषकाचा उपांत्य सामना चालला होता. इंग्लंडच्या संघात दोघे सख्खे भाऊ खेळत होते. धाकट्या बॉबीने दोन गोल केले. थोरल्या जॅकने चेंडू हाताने अडविला, म्हणून पोर्तुगालला पेनल्टी मिळाली आणि त्यांचा एक गोल झाला. इंग्लंडने सामना २-१ असा जिंकला. ह्या दोघांचा बाप मात्र त्या दिवशी प्रेक्षकांत नव्हता. तो उत्तर इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत आपली पाळी भरत होता.

मी कामगार चळवळीतला माणूस. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, दिवसभराच्या तक्रारी निकालात काढल्यावर उरलेल्या रात्री. ह्या व्यासपीठावर आपण राजांचा, सेनापतींचा आणि संतांचा इतिहास ऐकता. आज एका खाणकामगाराच्या पोराचा ऐकावा, एवढी विनंती आहे. धाकटा बॉबी चार्ल्टन जगाला ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते थोरल्या जॅकविषयी. ज्याच्या अंगी उपजत देणगी बेताची, त्याने कसब कोठून मिळवावयाचे, आणि मिळविलेले दुसऱ्याच्या हाती कसे द्यावयाचे, हा आम्हा कष्टकऱ्यांचा प्रश्न आहे. जॅकची कारकीर्द म्हणजे त्याचे एक उत्तर होय.

जॅकचा जन्म ८ मे १९३५ चा, नॉर्थम्बरलंडमधील अ‍ॅशिंग्टन ह्या खाणगावातला. आई सिसी ही मिलबर्न घराण्यातली. तिचे चार भाऊ पोटापाण्यासाठी फुटबॉलच खेळत. पंधराव्या वर्षी जॅक बापाच्या मागोमाग खाणीत गेला. थोड्याच दिवसांत त्याने ठरविले की, आयुष्य जमिनीखाली काढावयाचे नाही. पोलिसातल्या भरतीची मुलाखत आणि लीड्स युनायटेड क्लबची निवडचाचणी एकदमच समोर आली. त्याने चाचणी पत्करली. क्लबात पहिले काम मिळाले ते मैदानातले तण उपटण्याचे आणि मोठ्या खेळाडूंचे बूट साफ करण्याचे.

१९५३ साली तो लीड्सकडून पहिला सामना खेळला आणि १९७३ साली शेवटचा. वीस वर्षे, एकच क्लब, ७७३ सामने. त्या क्लबात हा विक्रम त्याच्याच नावावर आहे. जागाही एकच : गोलरक्षकाच्या पुढ्यात, मधोमध. उंच, मानेने लांब, चालीने बेढब असा हा गडी. चेंडू पायाशी खेळविण्यात बॉबीची सर त्याला कधीच आली नाही. पण समोरच्याची चाल आधी ओळखावी, उडी मारून डोक्याने चेंडू परतवावा आणि वाट बंद करावी, हे त्याचे काम. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. जो गोल झालाच नाही, त्याची बातमी कोण छापणार?

त्या काळी हा धंदा फार मिळकतीचा होता, असेही कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा होती. शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती. कारखान्यात किमान वेतनासाठी भांडणारे आम्ही. येथे मालकांनी कमाल वेतन ठरविले होते! जिमी हिल ह्यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या युनियनने संपाची तयारी केली, तेव्हा जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली. जॅक तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी लीड्सची सूत्रे डॉन रेव्ही ह्यांच्याकडे आली. तोवर जॅक हा तापट, वाद घालणारा, मनाला येईल तेव्हा चेंडू घेऊन पुढे धावणारा खेळाडू होता. रेव्हींनी त्याला शिस्त लावली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याने स्वतः केली. लिलेशॉल येथे प्रशिक्षकांसाठी वर्ग चालत. खेळत असतानाच तो त्या वर्गांना बसू लागला. आपण जे रोज करतो ते का करतो, हे विचारण्याची सवय त्याला तेथे लागली. कॉर्नर किकच्या वेळी विरोधी गोलरक्षकाच्या अगदी समोर जाऊन उभे राहण्याची युक्ती त्याने रूढ केली. पुढे त्या युक्तीने सगळे बचाव हैराण झाले, आणि ह्या बचावपटूच्या नावावर लीड्ससाठी ९० हून अधिक गोल लागले.

इंग्लंडचा पहिला सामना त्याला एप्रिल १९६५ मध्ये मिळाला, तिशीला महिना उरला असताना. पुढल्या वर्षी विश्वचषक, १९६७ साली वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान, १९६९ साली लीड्सबरोबर लीगचे विजेतेपद, १९७२ साली एफ. ए. कप. बहुतेकांचे पाय थकतात त्या वयात त्याला यश आले.

१९७३ साली दोघे भाऊ एकदमच प्रशिक्षक झाले : जॅक मिडल्सब्रोचा, बॉबी प्रेस्टनचा. दोन्ही क्लब दुसऱ्या श्रेणीतले. १९७४ च्या वसंतात मिडल्सब्रो तब्बल १५ गुणांच्या आघाडीने पहिल्या श्रेणीत चढला, आणि प्रेस्टन तिसऱ्या श्रेणीत घसरला. बॉबीचे उणे काढण्यासाठी हे सांगत नाही. ज्याला सारे सहज आले, त्याला ते कसे आले हे सांगता येत नाही. जो ठेच खात शिकला, त्याला प्रत्येक ठेचेची जागा ठाऊक असते. कारखान्यातला उत्तम उस्तादसुद्धा बहुधा असाच घडलेला असतो.

१९७७ साली त्याने इंग्लंडच्या प्रशिक्षकपदासाठी अर्ज केला. त्याची साधी पोचही आली नाही. १९८६ साली त्याला आयर्लंडने बोलाविले. इंग्लंडशी आयर्लंडचा इतिहास किती कडवट, हे भारतीय श्रोत्यांना सांगावयास नको. तेथे एक इंग्रज गेला. १९५० ते ६० ह्या दशकात सुमारे ४ लाख माणसे पोटासाठी आयर्लंड सोडून गेली, त्यांतली पुष्कळशी ब्रिटनमध्ये. त्यांची मुले-नातवंडे तेथल्या क्लबांतून खेळत होती. नियमाप्रमाणे आजा-आजी आयरिश असले तरी देशाकडून खेळता येई. जॅकने ही विखुरलेली पोरे गोळा केली. ग्लासगोत जन्मलेला रे हाउटन त्यांतलाच. १२ जून १९८८ रोजी श्टुटगार्ट येथे त्याच्याच डोक्याने इंग्लंडविरुद्धचा एकमेव गोल झाला.

जॅकची पद्धत त्याच्या जुन्या धंद्यातून आली होती. बचावपटूला सर्वांत जाच कशाचा होतो? पाठीमागे पडलेल्या चेंडूसाठी वळून, आपल्याच गोलकडे तोंड करून धावण्याचा. म्हणून चेंडू लांब, त्यांच्या पाठीमागे टाकावयाचा आणि तेथेच त्यांना घेरावयाचे. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंडने पाच सामन्यांत फक्त दोन गोल केले. तरी पहिल्या आठांत ते पोहोचले. हा खेळ रुक्ष आहे, अशी टीका झाली, आणि ती खोटी नव्हती. लियम ब्रॅडी हा त्या देशाचा अस्सल कलावंत खेळाडू. १९८९ साली डब्लिनमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध जॅकने त्याला पहिल्या सत्रातच बाहेर बोलाविले, आणि ब्रॅडी देशाच्या संघातून निवृत्त झाला.

ह्या प्रसंगाशी मी नेहमी अडखळतो. एका संपात आमच्या समितीत एक गडी होता. बोलण्यात तल्लख, पण ठरावाबाहेर बोलणारा. एकजूट मोडेल म्हणून मीच त्याला समितीतून वगळले. संप आम्ही जिंकलो. तो गडी पुन्हा कधी सभेला आला नाही. शिस्तीने दुबळ्यांना बळ येते हे खरे; पण तिची किंमत कधी कधी एकटा माणूस भरतो, हेही खरे.

१९८४-८५ च्या खाणकामगारांच्या मोठ्या संपात जॅक संपकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला; त्याने आपल्या मोटारी त्यांना वापरावयास दिल्या. १९९६ साली आयर्लंडने त्याला सन्माननीय नागरिकत्व दिले. १० जुलै २०२० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, तो वारला. अखेरच्या काळात त्याची स्मृती गेली होती. बॉबीलाही तोच विकार जडला. तो २०२३ साली गेला.

आता शेवटची गोष्ट. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की, माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत मेंदू झिजण्याच्या रोगांनी मरण्याचे प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट आहे. २०२१ साली त्यांनी जागांचा हिशेब मांडला : असे विकार जडण्याचा धोका बचावपटूंना सर्वाधिक, सुमारे पाच पट, गोलरक्षकांना जवळजवळ इतरांएवढाच. चेंडू डोक्याने परतविणे हेच बचावपटूचे रोजचे काम, हे आपण पाहिलेच. अमुक एका माणसाचा आजार त्यानेच झाला, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण खाणकामगाराच्या फुप्फुसातली धूळ हा धंद्याचा रोग आहे, हे मान्य करून घेण्यास कामगारांना पिढ्या झगडावे लागले. बापाच्या छातीचा हिशेब जसा मागावा लागला, तसा लेकांच्या डोक्याचाही मागावा लागेल. तोही खेळाडूंच्या युनियनलाच मागावा लागेल. मालक आपण होऊन तो देत नसतात, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.