भोपाळमार्गे कलकत्ता

‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’ हे गाणं तुमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं असेल. २००६ सालचा चित्रपट, प्रीतमचं संगीत आणि जेम्स या बांगलादेशी रॉक गायकाचा खरखरीत, जीव ओतणारा आवाज. आमच्या भोपाळात ते तेव्हा ऑटोमधून, लग्नाच्या मंडपातून, कुठूनही ऐकू यायचं. त्या चालीचा मूळ धनी एके काळी याच भोपाळात औषधकंपनीचा प्रतिनिधी म्हणून पोट भरत होता, हे कळलं तेव्हा मला त्या माणसाचा शोध घ्यावासा वाटला.

गौतम चट्टोपाध्याय हे त्यांचं नाव. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी. घरात भावंडं वाजवणारी, आणि बाहेर साठच्या दशकातली पार्क स्ट्रीट. या रस्त्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स, मूलाँ रूज अशी हॉटेलं ओळीनं उभी, आणि संध्याकाळ झाली की प्रत्येकात वाद्यवृंद. पॅम क्रेन तिथे जॅझ गायची. भायखळ्यात वाढलेली उषा अय्यर, म्हणजे आपली उषा उथुप, १९६९ मध्ये कांजीवरम नेसून ट्रिंकाजमध्ये उभी राहिली. अशा जागी साडी नेसून गाणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस तिथे सॅक्सोफोन वाजवून गेले. गौतम या रस्त्यावर अँग्लो-इंडियन मित्रांबरोबर ‘द अर्ज’ नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवत. जॅझ ते शिकले ते असं, वाजवणाऱ्यांच्या शेजारी बसून.

ज्यांना जॅझ म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांच्यासाठी सांगते, आपल्या ख्यालाशी त्याचं थोडं नातं जुळतं. आधी सगळे मिळून एक चाल मांडतात, मग एकेक जण ती आपल्या मनानं फुलवतो आणि पुन्हा सगळे चालीवर येतात. बंदिश, विस्तार आणि परत मुखडा, असंच म्हणा ना.

पण हे वादक गायचे, वाजवायचे ते बहुतेक इंग्रजी गाण्यांसाठी, किंवा मग सिनेमासाठी. मुंबईतही तेच. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी भगवानदादांच्या ‘अलबेला’ला (१९५१) जे संगीत दिलं, त्यात चिक चॉकलेट यांच्या बँडचा केवढा हात होता! पडद्यावरही ते दिसतात. तरी नाव विचारलं तर कितीजणी सांगतील? अंतोनियो झेवियर वाझ, गोव्याचे. बोटं त्यांची आणि गाणं दुसऱ्याचं, असा तो जमाना.

गौतम यांच्या आयुष्यात मध्येच वेगळं वळण आलं. ते नक्षलवादी चळवळीत ओढले गेले. बंदुकीच्या राजकारणाचं समर्थन माझ्याच्यानं होणार नाही, आणि तुमच्याही घरात कोणी करणार नाही. पण त्या वर्षांत बंगालमधली कितीतरी हुशार मुलं त्या वाटेनं गेली, हा इतिहास आहे. गौतम पकडले गेले. सुमारे दीड वर्ष तुरुंगात काढल्यावर पश्चिम बंगालमध्ये राहायचं नाही या अटीवर सुटले. मग भोपाळ आणि जबलपूर.

माझं घर अवधपुरीत, भेलच्या टाऊनशिपला लागून. कारखान्याच्या निमित्तानं देशभरातून आलेली माणसं इकडे स्थिरावली. बंगाली, मल्याळी, मराठी, सगळी. आम्हा इथल्या मराठी बायकांच्या बोलण्यात अर्धी हिंदी मिसळलेली. भाजीवाल्याशी हिंदी, सुनेशी मराठी, नातवाशी दोन्हींची खिचडी. त्यामुळे मला एक ठाऊक आहे की, परमुलखात राहिलं की आपली भाषा जास्त ऐकू यायला लागते. घरी असताना ती हवेसारखी असते. कलकत्त्यात इंग्रजी गाणी वाजवणारा हा तरुण परत गेला आणि त्यानं बंगालीतच गायचं ठरवलं, यात आमच्या मध्य प्रदेशाचा काहीतरी वाटा असणार, असं मला आपलं वाटतं.

परतल्यावर १९७५ च्या सुमारास भाऊ विश्वनाथ व प्रदीप, नात्यातले रंजन घोषाल आणि तापस दास, तपेश बंदोपाध्याय, अब्राहम मजुमदार हे मित्र मिळून सातजण जमले. सात म्हणून आधी ‘सप्तर्षी’. मग काही दिवस ‘गौतम चॅटर्जी बी.एस्सी. आणि संप्रदाय’! डिग्री लावून गाणारा बँड मी तरी दुसरा ऐकला नाही. शेवटी जीवनानंद दासांच्या ‘घोडा’ या कवितेतून नाव घेतलं, ‘मोहीनेर घोडागुली’, म्हणजे महीनचे घोडे.

त्यांनी केलं काय, तर गिटार आणि सॅक्सोफोनला बाऊल गाणी ऐकवली. अब्राहम पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेले, त्यांच्याकडे व्हायोलिन आणि पियानो. प्रदीप यांच्याकडे बासरी. विषय प्रेमाचे नव्हते, शहराचे होते. १९७७ च्या पहिल्या तबकडीचं नाव ‘संविग्न पाखीकूल ओ कोलकाता बिषयक’. प्रवचनात ‘संवेग’ ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘संविग्न’ शब्द थांबवतो. इथे मात्र अर्थ बेचैन पाखरांचा थवा असा साधा. त्यातल्या एका गाण्यात माणूस आपल्या आवडीच्या गोष्टी सांगत सुटतो. होडी, फुलपाखरं, पिकासो, बीटल्स, डिलन, त्यांच्याच पंगतीला रविशंकर आणि अली अकबर. आणि तरी शेतात घाम गाळणारी माणसं आठवली की त्याला काही म्हणजे काही गोड लागत नाही. मला हे गाणं फार प्रामाणिक वाटतं. जॅझही आवडतं आणि आवडून घ्यायची लाजही वाटते, दोन्ही त्यात आहे.

१९७८ आणि १९७९ मध्ये आणखी दोन तबकड्या निघाल्या. खपल्या नाहीत. रवींद्रसंगीत आणि सिनेमाची गाणी यांच्यावर पोसलेल्या कानांना हे विचित्र वाटलं असणार. ऐंशीचं दशक उजाडलं आणि सातजण आपापल्या नोकरीधंद्याला लागले. गौतम यांनी ‘नागमती’ हा चित्रपट केला.

पण कॉलेजातली पोरं ती गाणी गात राहिली, एकाकडून दुसऱ्याकडे, जात्यावरच्या ओव्या जशा आपल्यापर्यंत पोचल्या तशी. १९९५ मध्ये गौतम यांनी ‘आबार बोछोर कुडी पोरे’, म्हणजे ‘पुन्हा वीस वर्षांनी’, ही कॅसेट काढली. गाणारी नवी मुलं होती. गौतम यांनी स्वतःसाठी शब्द वापरला ‘संपादित’, एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकासारखा. ‘भीगी भीगी’ची मूळ चाल याच कॅसेटमधली. मूळ बंगाली गाणं विरहाचं नाहीच. घरोघरी केबल टीव्ही आला आणि एका छपराखालची माणसं एकमेकांपासून लांब गेली, त्याचं ते गाणं आहे. हातातला मोबाइल बघत जेवणारी घरं पाहिली की मला तेच जास्त आठवतं.

२० जून १९९९ रोजी गौतम गेले. हिंदीत त्यांची चाल गाजली ती सात वर्षांनी. तबकड्या काढताना जे हिशेबात तोट्यात गेले, त्यांच्यातले तापस दास, सगळ्यांचे बापीदा, पुढे फुप्फुसाच्या कर्करोगानं आजारी पडले. तेव्हा कलकत्त्यातल्याच नव्हे, ढाक्यातल्या तरुण गायकांनीही त्यांच्या औषधपाण्यासाठी कार्यक्रम केले. २५ जून २०२३ ला बापीदाही गेले.