तबकड्यांचे दप्तर
१९८२ च्या ऑक्टोबरात सोनी कंपनीने जपानमध्ये आपला पहिला सीडी प्लेअर विक्रीस आणला, तेव्हा ज्या ख्यालगायनास लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटांची मुदत मिळत असे, त्यास ७४ मिनिटांची ऐसपैस मोकळीक लाभली. पुढे सीडीच्या तबकड्यांनी कपाटे ओसंडू लागली, आणि २००१ साली सिद्ध झालेल्या फ्लॅक या ध्वनिसंक्षेपाच्या पद्धतीने, ध्वनीचा कणही न गमावता, अर्ध्या-पाऊण जागेत सारा संग्रह संगणकाच्या दप्तरी दाखल करण्याची सोय झाली. परवान्याच्या मुदतीवर अवलंबून असणाऱ्या स्ट्रीमिंगपेक्षा मला हीच तजवीज भरवशाची वाटते. मात्र साथीदारांची नावे पुष्कळदा सीडीसोबतच्या पुस्तिकेतच राहतात. सबब, तबकड्या रद्दीत घालण्यापूर्वी वाचकांनी त्या पुस्तिकांची नक्कल अवश्य करून ठेवावी.