'क्लांदेस्तिनो' : सीमा आणि सूर

रॉक-गायक मानू चाओ यांची 'क्लांदेस्तिनो' (१९९८) ही गीतमाला इतिहासाचे एक साधन म्हणून अभ्यासिता येते. फ्रँकोकालीन स्पेन सोडून आलेल्या कुटुंबात त्यांचा १९६१ साली पॅरिस येथे जन्म झाला. १९९५ साली शेंगेन करार प्रथम सात राष्ट्रांत अमलात आला. अंतर्गत सीमांवरील तपासणी उठू लागली आणि बाह्य सीमेवरील पहारा कडक झाला. शीर्षकगीताचा निवेदक म्हणजे कागदपत्रांवाचून शहरात लपतछपत वावरणारा स्थलांतरित होय. गीतमालेत स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी व पोर्तुगीज या भाषा एकत्र नांदतात आणि एक गीत दुसऱ्यात मिसळून जाते. तथापि या मिलाफावरून युरोपीय समाजाच्या औदार्याचे अनुमान काढणे सयुक्तिक ठरणार नाही. सुरांना जी वाट मोकळी होती, ती निवेदकाला बंद होती. संस्कृतिसंकराच्या अभ्यासकाने या दोहोंची नोंद एकत्रच घेतली पाहिजे.